न दिसणारे क्षेत्र आणि न वाचता येणारी पाटी

पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या चार नद्यांनी वेढलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमा गेल्या सत्तर वर्षांत कितीदा हलल्या, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा राजुरा आणि किनवट हे तालुके मराठी मुलखात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ साली याच जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार तुकडे पडले. कचेऱ्या बदलल्या, पाट्या बदलल्या, शाळांतील माध्यमे बदलली.

या सगळ्या वाटण्यांना न जुमानता एक गोष्ट मात्र इकडून तिकडे जात राहिली. ती म्हणजे वीज. उत्तरेला चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र, दक्षिणेला गोदावरीच्या पैलतीरी रामगुंडमचे. दोन्ही १९८०च्या दशकात सुरू झाली आणि दोन्हींच्या पोटात आपल्याच खोऱ्यातला कोळसा जातो. पश्चिमेचे आणि दक्षिणेचे विद्युतजाळे तेव्हा वेगवेगळ्या तालावर चालत असे. म्हणून भद्रावतीजवळ एक हजार मेगावॅट क्षमतेचे रूपांतर केंद्र उभारण्यात आले. १९९७-९८च्या सुमारास ते चालू झाले आणि भद्रावती ते रामगुंडम अशा ४०० किलोव्होल्टच्या तारा आपल्या माथ्यावरून गेल्या. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकतालात जोडले. मंचिर्याल जिल्ह्यातील जयपूर येथे सिंगरेणीचे औष्णिक केंद्र २०१६ साली सुरू झाले. भाषावार प्रांतरचनेने जे वेगळे केले, ते तारांनी असे पुन्हा जोडले.

या तारांखाली, या केंद्रांत आणि या कोळशाच्या खाणींत जी माणसे काम करतात, त्यांच्या एका अदृश्य सोबत्याचा इतिहास या लेखात सांगायचा आहे. त्या सोबत्याचे नाव विद्युतचुंबकीय क्षेत्र.

शेत आणि क्षेत्र

क्षेत्र या शब्दाचा मूळ अर्थ शेत असाच आहे. शेताचा बांध दिसतो, या क्षेत्राचा दिसत नाही. तारेत दाब असला की तिच्याभोवती विद्युत क्षेत्र असते. तारेतून प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्रही तयार होते. तारेपासून दूर जावे तशी दोन्ही झपाट्याने क्षीण होतात. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. पावसाळी हवेत मोठ्या वाहिनीची चरचर ऐकू येते, पण तो आवाज तारेजवळच्या हवेचा, क्षेत्राचा नव्हे.

तरीही शेतकऱ्याला त्याची ओळख असते. ४०० किलोव्होल्टच्या तारा दोन टॉवरांच्या मधोमध जिथे सर्वांत खाली झुकतात, तिथे जमिनीलगत दर मीटरला काही हजार व्होल्टपर्यंत क्षेत्र असू शकते. तिथे रबरी टायरांवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला हात लावला की झिणझिण्या येतात. कापूस वेचणाऱ्या बाईच्या छत्रीची लोखंडी दांडी टोचल्यासारखी लागते. लांबवर ताणलेल्या काटेरी तारेच्या कुंपणातही दाब साचतो. ही भुताटकी नव्हे. जमिनीपासून अलग राहिलेल्या धातूवर क्षेत्राने आणलेला तो भार असतो आणि हात लागताच तो माणसातून जमिनीत उतरतो. वस्तू जितकी मोठी, तितका झटका मोठा.

हाच प्रकार उंचीवर घडला तर जीव घेतो. एकाच टॉवरच्या दोन अंगांना दोन वाहिन्या असतात. एक बंद करून लाइनमन तिच्यावर चढतो, दुसरी चालू असते. बंद वाहिनी मेलेली दिसते, पण शेजारणीच्या क्षेत्रामुळे तिच्यात दाब उत्पन्न होतो. म्हणूनच ‘लाइन क्लिअर’चा कागद हातात असला तरी जुना जाणता लाइनमन कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडल्याशिवाय तिला हात लावत नाही. कागद सांगतो की वीज बंद आहे. अर्थिंगची काठी सांगते की तार खरोखरच मेली आहे. या दोहोंतला फरक ज्याला कोणी समजावून सांगितला नाही, तो माणूस नशिबावर काम करीत असतो.

फॅराडेच्या खोलीपासून रडारपर्यंत

या अदृश्य सोबत्याला माणसाने हळूहळू ओळखले. १८३१ साली मायकेल फॅराडेने दाखवून दिले की बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेत प्रवाह उत्पन्न करते. जगातील सगळी जनित्रे याच तत्त्वावर चालतात आणि आपल्या लाइनमनचा घात करणारा दाबही याच तत्त्वातून येतो. १८३६ साली त्याने बारा फूट लांब-रुंद-उंच अशी एक खोली तारा आणि धातूच्या पत्र्याने मढवली, तिला जबर विद्युतभार दिला आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या, आत त्याच्या उपकरणांना काहीही जाणवले नाही. पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेत चालू तारेवर उघड्या हाताने काम करण्याची पद्धत निघाली. त्या कामगाराच्या अंगावरचा धातूचे धागे विणलेला पोशाख म्हणजे फॅराडेची ती खोलीच होय, फक्त अंगाच्या मापाने शिवलेली. भारतातही अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांवर अशा पोशाखात काम चालते.

१८९६ साली फ्रान्समध्ये आर्सेन द'आर्सोंव्हाल याने प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोठ्या वेटोळ्यात डोके घातले, तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकला. बाहेर प्रकाश नव्हताच. क्षेत्राने डोळ्याच्या पडद्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न केले होते. वाचकांना नवल वाटेल, पण २०१० साली अशा किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने कमी वारंवारतेच्या क्षेत्रांसाठी नव्या मर्यादा ठरवल्या, तेव्हा त्यांच्या आधारांपैकी एक हाच लुकलुकाट होता. कामगारांसाठी ५० हर्ट्झला दर मीटरला दहा हजार व्होल्ट आणि एक हजार मायक्रोटेस्ला, सामान्य जनतेसाठी पाच हजार व्होल्ट आणि दोनशे मायक्रोटेस्ला, असे ते आकडे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात रडार आले आणि प्रश्नाला निराळे वळण लागले. इथे वारंवारता प्रचंड असते. परिणाम मज्जातंतूंवर नव्हे, तर उष्णतेच्या रूपाने होतो. १९५२ साली अमेरिकेत सूक्ष्मलहरींच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथली उष्णता वाहून जात नाही. १९५३ साली हर्मन श्वान या शास्त्रज्ञाने शरीराला किती उष्णता बाहेर टाकता येते याचा हिशेब मांडून दर चौरस मीटरला शंभर वॅट ही मर्यादा सुचवली. अमेरिकेने १९६६च्या प्रमाणात तीच धरली. सोव्हिएत रशियाने मात्र १९५८ साली दिवसभराच्या कामासाठी याच्या एक हजारांश मर्यादा घातली. एक देश भाजण्याचा हिशेब करीत होता, दुसरा डोकेदुखी, थकवा आणि झोपेच्या तक्रारीही जमेस धरीत होता. शरीर तेच, लहरी त्याच, पण दोन राजवटींच्या आकड्यांत हजारपटीचे अंतर! अदृश्य गोष्टीबाबत माणसे आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

घड्याळ लावून काम

रशियातच चारशे-पाचशे किलोव्होल्टच्या उपकेंद्रांतील कामगारांनी अशाच तक्रारी केल्या. १९७२ साली पॅरिस येथील वीज अभियंत्यांच्या जागतिक परिषदेत त्यांचा वृत्तान्त मांडला गेला. तेथील नियम मोठे वेधक होते. दर मीटरला पाच हजार व्होल्टपर्यंत दिवसभर काम करावे, दहा हजार असेल तर तीन तास, वीस हजार असेल तर दहा मिनिटे आणि पंचवीस हजार असेल तर पाच मिनिटे. म्हणजे क्षेत्र मोजायचे आणि घड्याळ लावून माणसाला आत पाठवायचे. इतर देशांतील तपासण्यांत त्या तक्रारींना तसा दुजोरा मिळाला नाही. तथापि जागा मोजून वेळ ठरवण्याची ती रीत विसरण्यासारखी नाही.

मग कर्करोगाची शंका आली. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात वीजतारांजवळ राहणाऱ्या मुलांतील रक्ताच्या कर्करोगाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८२ साली विजेच्या व्यवसायातील कामगारांविषयी तशीच एक नोंद आली. जगभर घबराट पसरली. पुढे मोठे अभ्यास झाले. कॅनडा आणि फ्रान्समधील २ लाख २३ हजारांहून अधिक वीज कामगारांचा अभ्यास १९९४ साली आणि अमेरिकेतील सुमारे १ लाख ३९ हजारांचा १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी नीट जुळले नाहीत. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले. त्याचा मुख्य आधार मुलांवरील अभ्यासांचा होता, कामगारांवरील नव्हे. २०११ साली मोबाइलसारख्या रेडिओ लहरीही त्याच गटात गेल्या.

इथे वाचकाने दोन टोपल्या वेगळ्या ठेवाव्यात. एकीत शंका आहेत, त्यांच्यावर संशोधन चालू राहील. दुसरीत ठाऊक असलेले धोके आहेत: बंद तारेत उत्पन्न होणारा दाब, मोठ्या धातूचा झटका, शक्तिशाली अँटेनासमोर भाजणे, हृदयात बसवलेल्या पेसमेकरच्या कामात येणारा अडथळा. गावोगावी मोबाइल टॉवरविरुद्ध अर्ज होतात, पण त्याच टॉवरवर चालू अँटेनासमोर चढणाऱ्या पोराची चौकशी कोणी करीत नाही. पहिल्या टोपलीची भीती दुसरीवर पांघरूण घालते, ही आपल्याकडची खरी अडचण आहे.

कोळशाच्या पोटात

आपल्या भागातील सर्वांत जुना धोका तारांचाही नव्हे, तो सुरुंगाचा आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बेल्लमपल्ली परिसरात सिंगरेणीच्या खाणी उघडल्या. पुढे मंदमर्री, श्रीरामपूर येथपर्यंत त्या पसरल्या. वर्धेच्या पलीकडचे मराठी कुटुंबही या ना त्या नात्याने या खाणींशी बांधलेले असते.

विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या आत केसासारखी बारीक तार असते. बॅटरीचा प्रवाह आला की ती तापते आणि बार उडतो. त्या तारेला प्रवाह बॅटरीचा आहे की कुठल्या क्षेत्राने आणलेला आहे, हे कळत नाही. डिटोनेटरच्या दोन लांब तारा मोकळ्या पसरल्या की त्या अँटेनासारख्या वागतात. जवळ शक्तिशाली रेडिओ प्रक्षेपक असेल, मोठी वाहिनी असेल किंवा आकाशात विजा असतील, तर कोणी कळ न दाबता बार उडू शकतो. म्हणूनच जोडणीच्या क्षणापर्यंत दोन्ही तारांची टोके एकमेकींना पिळून ठेवायची, गडगडाट सुरू झाला की काम थांबवायचे आणि सुरुंगाच्या जागी मोबाइल किंवा वायरलेस न्यायचा नाही, हे नियम आले. १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये प्लास्टिकच्या नळीतून धक्का पोहोचवणारे विनाविजेचे डिटोनेटर निघाले, त्यांमागेही हीच चिंता होती. युरोपीय संघाच्या कामगारविषयक निर्देशात आज क्षेत्रांच्या धोक्यांमध्ये डिटोनेटर अवेळी उडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

विहिरींच्या कामावर सुरुंग लावणाऱ्या टोळ्यांनी ही गोष्ट खाणकामगारांकडून जरूर शिकून घ्यावी.

‘बंद आहे’ या शब्दाची किंमत

आता रुग्णालयाकडे वळू, कारण तेही कोणाचे तरी कामाचे ठिकाण असते आणि आपल्या भागातील रुग्ण तपासणीसाठी नागपूर, नांदेड, हैदराबाद गाठतातच. एमआरआय यंत्राचा चुंबक रुग्ण आत नसतानाही, रात्री दिवे मालवल्यावरही चालूच असतो. नोव्हेंबर २०१४मध्ये नवी मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचा लोखंडी सिलिंडर या चुंबकाने खेचून घेतला आणि एक वॉर्डबॉय व एक तंत्रज्ञ सुमारे चार तास यंत्राला जखडून राहिले. जानेवारी २०१८मध्ये मुंबईत अशाच सिलिंडरसह खेचला गेलेला रुग्णाचा एक नातलग मरण पावला. यंत्र बंद आहे असे आम्हाला सांगितले गेले, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते.

युरोपने कामगारांसाठी २००४ साली कायदा केला, तेव्हा एमआरआयवर काम करणाऱ्या डॉक्टरांनीच हरकत घेतली. त्या मर्यादा पाळल्या तर रुग्णाजवळ उभे राहणेच अशक्य होईल, असे ते म्हणाले. कायदा दोनदा लांबणीवर पडला आणि शेवटी २०१३च्या नव्या निर्देशाने त्याची जागा घेतली. १ जुलै २०१६पर्यंत सदस्य देशांनी तो अमलात आणावयाचा होता. मालकाने क्षेत्रांचा अंदाज घ्यावा किंवा ती मोजावीत, गरोदर स्त्रिया व पेसमेकर बसवलेले कामगार यांचा वेगळा विचार करावा आणि कामगारांना माहिती व प्रशिक्षण द्यावे, असे त्यात सांगितले आहे. भारताने २००८ साली मोबाइल टॉवरांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारल्या आणि १ सप्टेंबर २०१२पासून त्या एक दशांशावर आणल्या. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. खाली राहणाऱ्या जनतेसाठी हे चांगलेच झाले. पण १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या सूचनीय रोगांच्या यादीत क्ष-किरणांचे आजार होते, गोंगाटाने येणारे बहिरेपण होते, या क्षेत्रांचे नाव मात्र नव्हते.

पाटी कोणाच्या भाषेत?

आणि इथे आपण आपल्या सीमाभागाच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. १९५६च्या भारतीय वीज नियमांतील ३५वा नियम सांगत असे की, धोक्याची पाटी हिंदीत किंवा इंग्रजीत आणि त्याशिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत असावी, तिच्यावर कवटी आणि हाडांचे चिन्ह असावे. २०१० आणि २०२३च्या नियमावल्यांनी जुन्या नियमांची जागा घेतली, पाटीचे हे तत्त्व तसेच राहिले. कारखाने अधिनियमाचे १०८वे कलम मात्र वेगळे बोलत असे. सूचना इंग्रजीत आणि कारखान्यातील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे ते म्हणे. एका नियमाने जिल्ह्याची भाषा विचारली, दुसऱ्याने माणसाची.

ज्या जिल्ह्यात एकच भाषा आहे, तिथे दोन्हींचे उत्तर सारखे येते. आदिलाबादेत येत नाही. इथे बाजारात तेलुगू, घरात मराठी, पाड्यावर गोंडी किंवा कोलामी, तांड्यावर बंजारा आणि जुन्या कागदांत उर्दू. शिवाय टॉवर उभारणीला बंगाल-झारखंडकडून आलेले मजूर. शब्दही फसवे असतात. तेलुगूतला ‘प्रमादम्’ म्हणजे धोका किंवा अपघात, मराठीतला प्रमाद म्हणजे चूक. आपला ‘धोका’ म्हणजे संकट, हिंदीतला ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. कवटीचे चित्र ‘हात लावू नका’ एवढे सर्वांना सांगते. पण ‘वाहिनी बंद असली तरी दोन्ही बाजूंना अर्थ केल्याशिवाय चढू नका’ हे वाक्य चित्रातून सांगता येत नाही. ‘पेसमेकर असलेल्याने इथून पुढे येऊ नये’ हेही नाही.

गरम लोखंड हाताला सांगते, विषारी धूर नाकाला सांगतो. या क्षेत्राविरुद्ध शरीराकडे असा पहारेकरी नाही. त्याच्यापासून माणसाला दोनच गोष्टी वाचवतात: कोणीतरी घेतलेले मोजमाप आणि कोणीतरी सांगितलेला शब्द. मोजमापाचे आकडे जगभर एकच असतील, शब्द मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेतच असावा लागतो. सीमाभागात भाषेचा प्रश्न आपण बहुधा शाळेसाठी, ग्रंथालयासाठी, अस्मितेसाठी मांडतो. तो तसा मांडावाच. पण उपकेंद्राच्या फाटकावरच्या पाटीसाठीही तो मांडावा, कारण तिथे भाषेवर जीव अवलंबून असतो. आणि तो मांडताना केवळ मराठीचा हट्ट धरू नये. जो चढणार आहे त्याची भाषा, मग ती गोंडी असो की बंगाली.

२०२० साली संमत झालेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली आणि जुना कारखाने अधिनियम इतिहासजमा झाला. संहितेखालच्या सुरक्षा समित्यांत कामगारांचे प्रतिनिधी बसतात. आपल्या घरातला कोणी वीज केंद्रात, खाणीत, कागदनगरच्या गिरणीत किंवा एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात असेल, तर दिवाळीच्या फराळाला तो आल्यावर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तुझ्या कामाच्या जागी क्षेत्र कोणी मोजले आहे काय? वेल्डिंगची केबल तू खांद्यावर किंवा गळ्यात गुंडाळून घेतोस काय? घेत असशील तर सोड, ती अंगापासून दूर, जाणारी आणि येणारी अशा दोन्ही केबली जवळजवळ ठेवाव्यात. आणि तिसरे, धोक्याच्या सूचना तुला वाचता येतात काय? तुझ्याबरोबर चढणाऱ्याला येतात काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर पुढच्या समितीच्या बैठकीत हा एक विषय लेखी द्यायला सांगावे. रंगाचा एक डबा आणि भाषा जाणणारा एक माणूस, एवढाच त्याला खर्च आहे.